एका ‘पवित्र टाकी’ची कैफियत

इंग्रजी उताऱ्याचे मराठी भाषांतर करावयास लावणे हा शिक्षकी पेशातील जुना आणि सामान्यतः कंटाळवाणा समजला जाणारा प्रकार आहे. परंतु वर्गात खरीखुरी करमणूक होते ती बहुधा याच तासाला. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ठाणे जिल्ह्याच्या ब्रिटिशकालीन गॅझेटियरमधून, म्हणजे १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामधून, वसई तालुक्यातील काही गावांची माहिती मुलांना भाषांतरासाठी दिली होती. तीत निर्मळ गावाचाही उल्लेख होता. एका विद्यार्थ्याने लिहिले, ‘निर्मळ येथे एक फार पवित्र टाकी आहे व कार्तिक महिन्यात तेथे मोठी जत्रा भरते.’ वर्गात हशा पिकला. निम्मीअधिक मुले निर्मळ, वाघोली, नाळे, भुईगाव, गास याच परिसरातली. त्या तळ्याच्या काठाने जाण्यायेण्यात त्यांचे बालपण गेलेले. गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीभोवती यात्रा भरली आहे आणि भाविक शिडी लावून स्नानाला वर चढत आहेत, हे चित्र कोणाच्याही डोळ्यांसमोर उभे राहावे असेच होते. मीही हसलो आणि ‘टाकी’ या शब्दाखाली लाल रेघ ओढून वर ‘तलाव’ असे लिहिले.

आज मी ती रेघ ओढली नसती; निदान इतक्या ठामपणे ओढली नसती. त्या मुलाने ‘टँक’ या चार अक्षरी इंग्रजी शब्दाला कोशातला हाताशी असलेला पहिला प्रतिशब्द लावला, ही त्याची चूक खरीच. पण नकळत तो त्या शब्दाच्या मुळाजवळ जाऊन पोहोचला होता, आणि मी मात्र त्याला तेथून ओढून दूर आणले.

प्रथम निर्मळविषयी. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, केळीच्या आणि नारळीच्या वाड्यांमध्ये वसलेल्या या गावाचे तळे विस्ताराने मोठे आहे. विमलासुर आणि परशुराम यांच्या आख्यायिका त्याच्याशी जोडलेल्या आहेत. विमल आणि निर्मळ ही जोडनावे स्थानिक माहात्म्यांतून एकत्र येतात. जवळच्या टेकडीवर शंकराचार्यांचे मंदिर असून कार्तिक वद्य एकादशीला तेथे यात्रा भरते. वसईची सुकेळी ज्यांनी यात्रेच्या निमित्ताने खाल्ली आहेत, त्यांना ही यात्रा निराळी सांगावयास नको. तळ्यापासून जवळच होली क्रॉस चर्च आहे. घंटानाद आणि हरिनाम या दोहोंची सवय या पाण्याला फार जुनी आहे. १५३४ ते १७३९ अशी दोनशेहून अधिक वर्षे हा मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर तो मराठी अमलाखाली आला, हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. या दोन राजवटींचा आपल्या शब्दाशी संबंध आहे, म्हणून त्यांचे स्मरण येथे दिले.

गॅझेटियरकार इंग्रज होते. त्यांनी या तळ्याला ‘टँक’ म्हटले, यात त्यांच्या दृष्टीने गैर काहीच नव्हते. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजाच्या तोंडी टँक म्हणजे तलाव, पुष्करिणी, कुंड किंवा बांध घालून अडविलेले पाणी. मुंबईची जुनी नावे पाहिली म्हणजे याची साक्ष पटते. गवालिया टँक हे गाईगुरांना पाणी दाखविण्याचे तळे होते. पुढे त्या नावाच्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि आज ते ऑगस्ट क्रांती मैदान म्हणून ओळखले जाते. कावसजी पटेल यांच्या नावाचा सी. पी. टँक, वाळकेश्वरचा बाणगंगा टँक ही त्याच मालिकेतील नावे. दक्षिण मुंबईतील ‘दोन टाकी’ हे नाव तर आमच्या व्याकरणाच्या शिक्षकांनी फळ्यावर लिहून दाखवावे इतके मार्मिक आहे. येथे ‘टाकी’ हे स्त्रीलिंगी एकवचन नव्हे. तसे असते तर ‘दोन टाक्या’ झाले असते. हे नपुंसकलिंगी ‘टाके’ या शब्दाचे अनेकवचन आहे. एक टाके, दोन टाकी. रोज या थांब्यावर उतरणाऱ्या किती जणांना आपण एका जुन्या, अस्सल मराठी शब्दावर पाय ठेवीत आहोत याची जाणीव असेल, कोण जाणे!

आता हे ‘टाके’ आले कोठून? संस्कृतात ‘टंक’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी. अमरकोशात हा शब्द दगड फोडण्याच्या हत्याराच्या अर्थानेच दिला आहे. मराठीत त्याचीच ‘टाकी’ झाली. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही ही म्हण आपण नेहमी ऐकतो, ती या टाकीची. त्या टाकीने कातळात खोदून काढले ते टाके. म्हणजे हत्यार आणि त्या हत्याराने घडविलेली वस्तू या दोघांचे कूळ एकच. मोल्सवर्थ साहेबांनी आपल्या मराठी-इंग्रजी कोशात टाक्याचा अर्थ पाण्याचा खोदलेला वा बांधलेला साठा असा दिला आहे. त्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ सालची, दुसरी १८५७ची. म्हणजे तेव्हा हा शब्द मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातला होता.

या कुळाचा विस्तार पाहू लागलो म्हणजे माणूस थक्क होतो. धातूच्या तुकड्यावर ठसा उमटविणे हाही टंकाचाच व्यापार, म्हणून नाण्याला टंक म्हणू लागले, आणि नाणी पाडण्याची जागा ती टंकशाळा, म्हणजे आपली टाकसाळ. दिल्लीच्या सुलतानांचा रुप्याचा टंका, बांगलादेशाचे आजचे चलन टाका आणि आपण व्याजाच्या हिशेबात घेतो तो टक्का ही सारी याच घराण्यातली मंडळी समजली जातात. पत्र्यावर ठोकून उठविलेली देवाची मूर्ती तो देव्हाऱ्यातला टाक. दौतीत बुडवून लिहावयाचा तोही टाक. आमच्या पिढीने त्याची शाई बोटांना लावून घेतली आहे. आणि कचेरीतल्या यंत्राची अक्षरे कागदावर ठोकणारा तो टंकलेखक. ज्या कोणी हा शब्द घडविला त्याला दाद दिली पाहिजे. सरकारी परिभाषेतील कित्येक शब्द जिभेला टोचतात. हा मात्र जणू दोन हजार वर्षे जागा राखून बसला होता. (‘टाकणे’ या क्रियापदाशी मात्र या घराण्याचे नाते जोडण्याचा मोह आवरावा. शब्दांच्या बाबतीत ध्वनिसाम्य हा फार अविश्वसनीय साक्षीदार आहे.)

कातळात खोदलेली टाकी महाराष्ट्राला नवीन नाहीत. कान्हेरीच्या लेण्यांत जवळजवळ प्रत्येक विहारापाशी टाके आहे, आणि डोंगरावर पडणारा पाऊस कातळातील पन्हळींनी त्यात आणून सोडण्याची व्यवस्था आजही पाहावयास मिळते. त्या काळच्या प्राकृत लेखांत अशा टाक्याला ‘पोढि’ म्हणत. नाणेघाटात, जेथून सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांचा माल घाटावर जुन्नरकडे चढत असे, तेथे एका टाक्यावर छोटासा ब्राह्मी लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढि धर्मार्थ दिली, एवढेच त्यात सांगितले आहे. सोपारा म्हणजे आपले नालासोपारा. निर्मळहून चालत जाता येईल इतके जवळ. हा गोविंददास कोण होता, व्यापारी की आणखी कोणी, लेख काही सांगत नाही. घाट चढून दमलेल्या बैलांना आणि माणसांना पाणी मिळावे म्हणून आपल्या गावापासून इतक्या लांब त्याने दगड खोदवून घेतला आणि नावापुढे गावाचे नाव लिहवून ठेवले. वसईकरांनी आपल्या भूमीतील पहिल्या जलदात्याचे नाव विचारले गेल्यास हे नाव सांगावे, असे मला फार वाटते. सोपाऱ्यातील अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरलेला स्तूप यांची माहिती अभ्यासकांना असते. गोविंददास मात्र घाटातच राहिला.

पुढे गडकोटांच्या काळात हेच टाके राज्यरक्षणाचे साधन झाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी करावी आणि एकाच झऱ्यावर विसंबून राहू नये, असा उपदेश केलेला आहे. गडावरचा दगड फोडून टाके खणायचे, आणि निघालेला दगड तटाला लावायचा. एकाच घावात दोन कामे!

ही झाली एक बाजू. परंतु याच शब्दाची दुसरीही एक वंशावळ आहे, आणि ती वसईच्या किल्ल्यातून जाते. पोर्तुगीज भाषेत पाण्याच्या हौदाला वा तळ्याला ‘टांक’ अशाच उच्चाराचा शब्द आहे. तो आमच्याकडून त्यांनी उचलला असे म्हणावे, तर वास्को द गामाच्या १४९८ मधील पहिल्या सफरीच्या रोजनिशीतच कालिकतच्या तळ्यासाठी हा शब्द आलेला आहे, आणि तोही कोणतेही स्पष्टीकरण न देता, घरच्या शब्दाप्रमाणे. त्याचे मूळ ‘इश्तांकार’ या क्रियापदात आहे. अर्थ, वाहते ते थांबविणे, अडविणे. स्पॅनिशमध्येही तळ्याला ‘एस्तांके’ म्हणतात. म्हणजे आमच्या शब्दात दगडावर पडणाऱ्या घावाची आठवण आहे, आणि त्यांच्या शब्दात अडविलेल्या पाण्याची.

मग इंग्रजांनी हा शब्द घेतला कोणाकडून? यूल आणि बर्नेल या दोघांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली काढला. त्यांनी हा शब्द दुहेरी उगमाच्या कोड्यांत घातला आहे. गुजरातीत ‘टांकुं’, मराठीत ‘टाके’, आणि बंदराबंदरांतून बोलली जाणारी पोर्तुगीज. सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेस उतरलेल्या इंग्रज व्यापाऱ्याला हे तिन्ही शब्द एकाच आठवड्यात कानी पडले असतील. दुभाष्या एक म्हणतो, पाणक्या दुसरे, आणि पाद्री तिसरे. तिघेही एकाच खड्ड्याकडे बोट दाखवितात. अशा वेळी शब्द कोणाचा हा प्रश्न विचारणारा माणूस भाषाशास्त्रज्ञ असतो, तहानलेला नव्हे. माझे स्वतःचे मत असे की येथे दोन नद्यांचा संगम झाला आहे, आणि संगमानंतरचे पाणी ओंजळीत घेऊन त्यातले कोणते कोणत्या नदीचे हे सांगू नये. आमचे काही अभिमानी लोक जगातील प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला असे सिद्ध करावयास बसतात; त्यांनी या शब्दापाशी जरा थांबावे. आणि जे लोक आमच्याकडचे सगळे बाहेरून आले असे मानतात, त्यांनीही.

आम्ही पोर्तुगिजांकडून पाण्याशी संबंधित शब्द घेतलेच नाहीत असे नव्हे. उलट, विहिरीपासून न्हाणीघरापर्यंत जाऊन पाहा. पोहरा जाऊन बादली आली, ती पोर्तुगीज. पाणी साठविण्याचे पिंप, तेही पोर्तुगीज. घमेले तेच, आणि अंगाला लावावयाचा साबणही त्याच गलबतातून आला. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ या म्हणीतला पोहरा आता मुलांना समजावून सांगावा लागतो. बादली मात्र कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. परका शब्द असा घरचा होतो. त्याबद्दल मला मुळीच खेद नाही. वसईच्या कादोडी बोलीत आणि वाडवळी बोलीत जे निरनिराळे प्रवाह मिसळले आहेत, त्यांतून त्या बोलींचे वैभव वाढलेलेच आहे.

परंतु पोर्तुगीज शब्दाच्या कुळातील एक भावंड येथे मुद्दाम दाखविले पाहिजे. त्याच ‘अडविणे’ या क्रियापदापासून त्या भाषेत ‘इश्तांकु’ असा शब्द झाला, आणि त्याचा अर्थ मक्ता. तंबाखूसारख्या मालाची खुली विक्री बंद करून ती एकट्या सरकारने किंवा सरकारच्या मक्तेदाराने करावयाची, ती ही व्यवस्था. पाणी अडविले म्हणजे तळे आणि माल अडविला म्हणजे मक्तेदारी! भाषेने या दोन गोष्टी एकाच गोठ्यात बांधून ठेवल्या, यात विनोद आहे असे पूर्वी मला वाटत असे.

इंग्रजी भाषेत गेल्यावर या शब्दाने आपला स्वभाव बदलला. हिंदुस्थानात तो उघडे, आकाश पाहणारे पाणी होता. विलायतेत तो झाकण लावलेले भांडे झाला. लोखंडी टाकी, आगगाडीच्या इंजिनाची टाकी, मोटारीच्या पेट्रोलची टाकी. मग पहिले महायुद्ध आले. खंदकांवरून आणि काटेरी तारांवरून जाणारे एक चिलखती वाहन इंग्लंडमधील लिंकन शहरात विल्यम फॉस्टर यांच्या कारखान्यात तयार होत होते. १९१५ साली त्याचे काम गुप्त ठेवणे अगत्याचे होते. तेव्हा कामगारांना असे सांगण्यात आले की हे मेसोपोटेमियातील फौजेसाठी पाणी वाहून नेण्याचे यंत्र आहे. ‘वॉटर कॅरिअर’ असेच नाव द्यावे असाही विचार झाला. पण त्याची आद्याक्षरे कागदोपत्री शौचकूपाची आठवण करून देऊ लागली, म्हणून अर्नेस्ट स्विंटन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘टँक’ हे नाव पत्करले, असे सांगतात. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ही पाण्याची टाकी प्रथम गोळ्या झाडीत पुढे सरकली, आणि तेव्हापासून जगातील बहुतेक भाषांत टँक म्हणजे युद्धाचे यंत्र झाले.

येथे एक योगायोग नोंदविल्यावाचून राहवत नाही. लिंकनमध्ये मेसोपोटेमियाच्या पाण्याची थाप मारली जात होती त्याच सुमारास, म्हणजे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात, खऱ्याखुऱ्या मेसोपोटेमियात कूत गावी ‘पूना डिव्हिजन’ या नावाची हिंदी लष्कराची तुकडी तुर्कांच्या वेढ्यात अडकून उपाशी मरत होती. तीत मराठा पलटणींचे शिपाई होते. त्यांच्या बापजाद्यांच्या टाक्याचे नाव घेऊन तिकडे दुसरेच काही घडविले जात आहे, याची त्यांना वार्ता असणे शक्य नव्हते.

मराठीने या यंत्राला ‘रणगाडा’ हा फार समर्पक शब्द दिला, आणि तो रुळलाही. त्यामुळे आमच्याकडे निदान एवढा घोटाळा टळला. अहिल्यानगर येथे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, लष्कराचे रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून आहे. शाळांच्या सहली तेथे जातात. त्याच जिल्ह्यातील कित्येक गावांत उन्हाळ्यात मुले रस्त्याकडे डोळे लावून बसतात ती दुसऱ्या एका वाहनासाठी. त्याचेही नाव याच शब्दापासून झाले आहे.

ते नाव टँकर. हा शब्द इंग्रजीत तेलवाहू जहाजासाठी प्रथम रूढ झाला, आणि महाराष्ट्रात तो दुष्काळाच्या वाटेने आला. १९७२च्या दुष्काळात लोकांनी पाझर तलावांवर दगड फोडले, खडी केली, माती वाहिली. टाकी आणि घमेले, म्हणजे आमचे हत्यार आणि पोर्तुगिजांचे भांडे, तेव्हा एकाच हातात होते. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. तेव्हापासून आजपर्यंत टंचाईमुक्तीच्या घोषणा होत आल्या आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने तर २०१९ हे वर्षच त्यासाठी मुक्रर केले होते. टँकरला मात्र वर्षाचे बंधन नाही. तो पुल्लिंगी आहे, टाकी स्त्रीलिंगी, आणि टाके नपुंसक. एका शब्दाने मराठीत तिन्ही लिंगे घ्यावीत, आणि त्यांत चाके एकालाच असावीत!

वसईत हा टँकर दुष्काळातून आलेला नाही. येथे पाऊस मुबलक पडतो. समुद्र जवळ असल्यामुळे जमिनीतले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असल्याप्रमाणे असते; बेताने उपसले तर विहीर वर्षभर गोड राहते, उपसा मर्यादेबाहेर गेला की खालचे खारे पाणी वर चढते. जुन्या लोकांनी हे शास्त्र पुस्तकातून शिकलेले नव्हते. त्यांनी प्रत्येक वाडीच्या कडेला बावखल खणून ठेवले. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे लहानसे तळे. पावसाळ्यात ते भरावे, त्यातून केळीला, पानवेलीला, भाजीला पाणी द्यावे, आणि राहिलेले मुरत जाऊन शेजारच्या विहिरींना आधार व्हावा, अशी ती योजना होती. मराठी कोशांत या शब्दाला फारशी जागा मिळालेली नाही. वसईच्या अर्थव्यवस्थेत मात्र त्याला पहिली जागा होती.

१९८०च्या दशकात मुंबई लोहमार्गाने उत्तरेकडे सरकली. इमारती आधी उभ्या राहिल्या आणि नळ मागाहून यावयाचे होते. मग पश्चिम पट्ट्यातील विहिरींवर पंप बसले आणि बागाईतीचे पाणी टँकरमधून नव्या वसाहतींकडे जाऊ लागले. त्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. टँकरच्या या व्यापाराविरुद्ध आणि बेबंद नागरीकरणाविरुद्ध हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी एकत्र रस्त्यावर उतरले, स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या, आणि दहशतीची पर्वा न करता लढले. दिब्रिटो हे ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले तेव्हा वृत्तपत्रांनी साहित्यिक म्हणून त्यांचा गौरव केला, तो उचितच होता. मला स्वतःला ते ‘पाणी कोणाचे’ हा प्रश्न वसईत मोठ्याने विचारणारे म्हणून अधिक मोठे वाटतात.

त्या दिवसांत मला तो पोर्तुगीज मक्तेदारीचा शब्द आठवला आणि त्यातला विनोद नाहीसा झाला. विहीर एका मालकाची. पण तिच्यात येणारे पाणी शेजाऱ्याच्या बावखलातून मुरलेले. ते पाणी एका मालकाने विकले की शेजाऱ्याची केळ वाळते. गोविंददासाने पाण्याला ठिकाण दिले आणि वाटसरूला तेथे येऊ दिले. टँकरवाल्याने पाण्याचे ठिकाण काढून घेतले आणि पैसा जेथे असेल तेथे त्याला नेले. मात्र टँकर बोलावणारा चौथ्या मजल्यावरचा कारकून गुन्हेगार होता असेही मी म्हणणार नाही; त्याला घर मिळाले होते, पाणी मिळाले नव्हते, आणि त्याचीही मुले तहानलेली होती. तोही या पानाचा वाचक आहे, आणि त्याची बाजू शेतकऱ्याच्या बाजूइतकीच खरी आहे. ज्यांनी इमारतींना परवानगी देताना पाण्याचा हिशेब विचारला नाही, त्यांच्याकडे बोट दाखवावयाचे सोडून आम्ही कित्येक वर्षे एकमेकांकडे दाखवीत राहिलो.

पुढे सूर्या नदीचे पाणी नळाने आले, २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. टँकर अजूनही फिरत आहेत. आणि पुष्कळशी बावखले मातीने बुजविली गेली आहेत, कारण कागदोपत्री त्यांना नाव नाही. ज्याला नाव आहे त्याची नोंद होते; ज्याची नोंद आहे ते बुजविताना निदान कोणाची तरी परवानगी घ्यावी लागते. बावखलाला इंग्रजी दप्तरात ‘टँक’ म्हणावे तर ते लहान, आणि मराठी दप्तरात तलाव म्हणावे तर तेही नाही. मग राहतो तो ‘खड्डा’, आणि खड्डा भरून काढणे हे सत्कृत्यच समजले जाते!

हे काम सरकारवर सोडण्यापेक्षा शाळांनी अंगावर घेण्यासारखे आहे, असे मला वाटते. निर्मळपासून आगाशीपर्यंतच्या प्रत्येक शाळेने आठवी-नववीच्या मुलांकडून आपल्या गावातील तळी, बावखले, कुंडे आणि चालू वा बुजलेल्या विहिरी यांची यादी करून घ्यावी. प्रत्येकाला घरातील आजी-आजोबा कोणत्या नावाने ओळखतात ते कादोडीत, वाडवळीत, आगरी वा कोळी बोलीत जसे असेल तसे लिहावे, आणि शेवटचे पाणी कोणत्या साली पाहिले तेही विचारावे. भाषेच्या शिक्षकाला यातून शब्दसंग्रह मिळेल, भूगोलाच्या शिक्षकाला नकाशा मिळेल, आणि ग्रामस्थांना हरकत घेण्यापुरता एक कागद मिळेल.

त्या मुलाची वही माझ्याजवळ नाही. तो आता चाळिशी ओलांडून गेला असेल. कार्तिकी एकादशीला निर्मळच्या तळ्याकाठी गर्दीत कोणी ओळखीचे हसून नमस्कार करतो, तेव्हा मला दर वेळी वाटते, तोच असावा. आणि त्या भाषांतराचा कापलेला एक गुण अजून माझ्याकडे येणे आहे.